रेडिओ कुठं ठेवलेला असायचा? : घरातल्या मोठ्यांच्या गाण्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याची रीत

"आजी, तुझं लहानपणीचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारलं की बहुतेक घरांत दोनच उत्तरं येतात. एक तर "आता काय आठवतंय माय" म्हणून विषय मिटतो, नाही तर टीव्हीवर हजारदा लागलेलं, सगळ्यांनाच पाठ असलेलं एखादं गाणं पुढं येतं. दोन्हींत आजीचं लहानपण कुठंच नसतं. म्हणून गाणं विचारायचंच नाही. रेडिओ कुठं ठेवलेला असायचा, ते विचारायचं.

गाणं डोक्यात एकटं राहत नाही. जागा, वेळ, हातातलं काम आणि आजूबाजूची माणसं यांना ते चिकटून असतं. जागा हाती लागली की गाणं मागून येतं. ही बोलणी साधारण अशी होतात:

"आजी, रेडिओ कुठं असायचा गं?"
"ढाळजंत. देवळीत. पण आम्हाला हात लावायची सोय नव्हती."
"मग तू कुठून ऐकायचीस?"
"चुलीपुढून. भाकरी थापू लागलं की नुसती चाल कळायची, थापायचं थांबलं की शब्द."

(ढाळज म्हणजे दारालगतची बैठक, देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा.) एवढं बोलून झालं की बरीच माणसं आपणहून गुणगुणायला लागतात. आपण गप्प राहायचं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. आजीला शब्द अर्धेच का येतात, याचं उत्तरही त्या भाकरीत आहे. तिनं ते गाणं भाकरीच्या थापांमधल्या फटीतून ऐकलेलं आहे.

बसण्याआधी घरी करायचा हिशेब

ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं जन्मसाल काढा. आधार कार्डावरच्या तारखेवर विसंबू नका. त्या पिढीतल्या पुष्कळांची तारीख शाळेत मास्तरांनी टाकलेली, म्हणून १ जून असते. घरातल्या थोरल्या-धाकट्या भावंडांच्या वयावरून अंदाज बांधा. मग जन्मसालात ६ मिळवा आणि २० मिळवा. या दोन सालांमधला काळ तुमच्या कामाचा. सहाच्या आतलं बहुतेक ऐकीव असतं. साधारण दहा ते पंचवीस या वयातलं मात्र उतारवयातही घट्ट राहतं, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

आता त्या काळात मराठवाड्यात, तुमच्या भागात नेमकं काय ऐकू येत होतं ते ताडून पाहा. परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झालं. म्हणजे १९५० साली जन्मलेल्या आत्याला तेव्हा अठरावं चालू होतं, तिच्या शाळेच्या वयातला रेडिओ परभणीचा असूच शकत नाही. त्या वयात तिच्या कानावर आलं ते मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद, नाही तर सिलोन, म्हणजे श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन. विविध भारती ऑक्टोबर १९५७ ची. नांदेड, बीड, धाराशिवची एफएम केंद्रं पुष्कळ नंतरची. स्वातंत्र्याच्या आधी, निजामाच्या राज्यात हैदराबादसोबत औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधीचं कळत असलेलं कुणी तुमच्या घरात अजून असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडं जा.

१९५२ नंतर काही वर्षं आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली होती. त्यामुळं सगळा गाव सिलोनकडं वळला. तिथला सिनेगीतांचा कार्यक्रम बिनाका गीतमाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली, बुधवारी रात्री आठ वाजता. "बुधवारी जेवणं लवकर व्हायची" असं कुणी सहज बोलून गेलं तर तो धागा सोडू नका.

आवाज जवळ यायचा का, लांब जायचा?

कोणतं स्टेशन होतं हे माणसांना सहसा सांगता येत नाही, पण आवाज कसा यायचा हे पक्कं लक्षात असतं. तेवढ्यावरून बरंच कळतं.

आवाज लाटेसारखा मोठा होऊन पुन्हा बारीक होत असेल, मधे शिट्टी वाजत असेल, तर ते बहुधा शॉर्टवेव्ह. या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि तो थर सारखा हलत असतो, म्हणून आवाज येतो-जातो. सिलोन असंच ऐकू यायचं. दिवसाढवळ्या, काटा न हलवता एकसारखा स्वच्छ आवाज येत असेल तर जवळचं मीडियम वेव्ह केंद्र. आणि दिवसा काहीच नाही, पण दिवेलागणीनंतर लांबचं स्टेशन लागायचं असं सांगितलं, तर दूरचं मीडियम वेव्ह. दिवसा आकाशातला खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं यायला लागतात. लातूर-उदगीरकडच्या घरांत संध्याकाळनंतर हैदराबादची उर्दू गाणी लागायची, त्याचं कारण हेच.

जुना रेडिओ घरात असेल तर डायल बघा. काही डायलवर किलोहर्ट्झ असतात, काहींवर मीटर. ३,००,००० ला किलोहर्ट्झनं भागलं की मीटर येतात. परभणी १३०५ वर, म्हणजे २३० मीटर. पुणे ७९२, म्हणजे ३७९. हैदराबाद ७३८, म्हणजे ४०७. नागपूर ५८५, म्हणजे ५१३. हे आकडे अलीकडच्या काळातले आहेत. १९७८ मध्ये आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या मीडियम वेव्ह केंद्रांचे आकडे थोडे सरकले होते, त्यामुळं फार जुन्या डायलवर एखादं गाव जरा अलीकडं-पलीकडं दिसेल. काही डायलवर मालकानं पेन्सिलीनं किंवा नेलपॉलिशनं खूण केलेली सापडते. ती पुसू नका, फोटो काढा. त्या घरात रोज काय लागायचं त्याची ती सही आहे.

रेडिओ हातात द्या, पण जपून

बंद पडलेला ट्रान्झिस्टरसुद्धा उपयोगाचा आहे. चामडी कव्हरचा वास आणि बटणाचा खटका यांनी बोलणं सुरू होतं. चालू करायचा असेल तर आधी मागचं झाकण उघडा. आत जुने सेल फुगून गळालेले असतील. ते बाहेर काढा, सेल टेकतात त्या पत्र्यावरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पातळ लगद्यानं पुसा, कारण जुन्या साध्या सेलमधून गळतं ते आम्लधर्मी असतं. (हल्लीचा अल्कलाइन सेल गळला असेल तर उलटं, तिथं कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर.) मग ओल्या कापसानं पुसून पूर्ण वाळू द्या आणि बारीक पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत करा. आवाज वाढवताना खर्रखर्र होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीस-तीस वेळा इकडून तिकडं फिरवा. शिलाई मशिनचं तेल किंवा रॉकेल घालू नका, धूळ चिकटून आठवड्यात पुन्हा तेच होतं.

लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ मात्र थेट प्लगला लावायचा नाही. आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात आणि व्होल्टेज दोनशेच्या वर असतं. रेडिओही जळतो आणि हात लावणाऱ्याच्याही जिवावर बेततं. जुन्या कारागिराला दाखवा, नाही तर नुसता पुसून समोर ठेवा.

चालू झालेल्या रेडिओत खरखर जास्त असेल तर खोलीतले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. निम्मा गोंधळ तिथूनच येतो. मग रेडिओ हळूहळू गोल फिरवा. आतली काळी फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज सुधारतो. घरातलं कुणी तरी "हां, असाच तिरपा ठेवायचो आम्ही" म्हणेल. ते लिहून घ्या.

रेकॉर्डिंग

फोन पुरेसा आहे. विमान मोडवर टाका, म्हणजे मधे कुणाचा फोन येणार नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही असेल तर ते घ्या. एका माइकनं तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. जागा कमी असेल तर १२८ केबीपीएसचं एमपी३ चालतं, तासाला ५८ एमबीच्या आसपास. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर नुसता ठेवला की कपबशीचा प्रत्येक ठोका रेकॉर्डिंगमध्ये धाडकन वाजतो.

आपल्याकडं खरी अडचण पंख्याची आणि कूलरची. चैत्र-वैशाखात पंखा बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवणं बरं नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत बसा. नाही तर सरळ लाइट गेलेली वेळ साधा, तेव्हा फ्रिजही गप्प असतो. पत्र्याच्या खोलीत पावसात रेकॉर्डिंग होतच नाही. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथं बोलणाऱ्याच्या मागं दोरीवर एखादी वाकळ टाका. फरक लगेच कळतो. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका आणि मगच सुरुवात करा. हे टाळलं की तासाभरानंतर कळतं की बोट माइकवर होतं.

पंचेचाळीस मिनिटांच्या वर बसू नका. विसरभोळेपणा असलेल्या माणसाबरोबर वीस मिनिटं पुरे, तीही सकाळी. संध्याकाळी त्यांची घालमेल वाढते.

आणि एकेकटं गाठा. पाचजण बसले की एकजण बोलतो, बाकीचे हो ला हो करतात. आजोबा शेजारी असले की आजी गप्प बसते. रेडिओ विकत घेतल्याची, त्याच्या लायसनचे पैसे पोस्टात भरल्याची, कुठल्या कंपनीचा होता याची गोष्ट आजोबांची. गाणी मात्र पुष्कळदा बायकांनाच जास्त येतात. ढाळजेतला किंवा ओसरीवरचा रेडिओ त्यांनी भिंतीपलीकडून रोज ऐकलेला असतो, पण तो "त्यांचा" नव्हता म्हणून "आम्ही कुठं ऐकायचो" असं त्या सांगतात. तिथं थांबू नका. "दळताना ऐकू यायचं का? सडा टाकताना?" असं विचारा. लेकी माहेरी येतात ते पंचमीचे, दिवाळीचे दिवस सगळ्यात चांगले, कारण त्यांचं लहानपण त्याच घरात झालेलं असतं आणि बोट दाखवून सांगता येतं. वेचणी-काढणीच्या दिवसांत कुणाला बसवू नका.

काय विचारायचं

रेडिओ कुठं होता, त्यावर झाकण कसलं होतं, भरतकाम कुणी केलं होतं. काटा कोण फिरवायचं आणि कुणाला परवानगी नव्हती. सेल संपत आले की उन्हात कोण ठेवायचं? हा प्रश्न जवळपास कधीच वाया जात नाही. तापल्यावर सेलमधली क्रिया थोडी जोर धरते आणि रेडिओ अजून तास-दोन तास बोलतो. त्यामुळं माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) ओळीनं मांडलेले सेल पुष्कळांच्या डोळ्यांपुढं आहेत. मग आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, रेडिओ न्यायचे का, ज्वारी राखायला माळ्यावर बसलं की लावायचे का. गावात आणखी कुठं वाजायचा: ग्रामपंचायतीत, हॉटेलात, यष्टी स्टँडवर. लग्नातल्या भोंग्यावर ऐकलेलं गाणं आणि रेडिओवरचं गाणं यांची हमखास गल्लत होते, म्हणून "रेडिओवर का भोंग्यावर?" हे दर वेळी विचारा.

वेळ कार्यक्रमावरून पकडता येते. विविध भारतीवरचं भूले बिसरे गीत सकाळचं, फौजींसाठीची जयमाला संध्याकाळी सातच्या सुमाराची, हवामहल त्याच्या नंतरचं, छायागीत रात्री दहाचं. "फौजींचा कार्यक्रम लागला की दिवा लावायचो" असं कळलं म्हणजे घड्याळ सापडलं.

साल विचारूच नका, कुणाला सांगता येत नाही. "दुष्काळाच्या आधी का नंतर?" हे विचारा. १९७२ चा दुष्काळ, मदतीत आलेली मिलो ज्वारी आणि सुकडी, खडी फोडायला गेलेले दिवस हे मराठवाड्यात साऱ्यांना पक्के ठाऊक आहेत. पैठण भागात जायकवाडीचं पाणी, १९७६. इंदिराबाई गेल्या ते १९८४. लातूर-धाराशिवकडं किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. दोन खुणांच्या मधे आठवण बसवता आली की झालं.

गाणं केव्हा वाजवायचं

अगदी शेवटी. आधी वाजवलं तर माणूस गाण्याबद्दल बोलतो, स्वतःबद्दल नाही. वाजवायचं तेही पंधरा-वीस सेकंद, मग बंद, आणि थांबायचं. दहा सेकंदांची शांतता आपल्याला जड जाते, पण आठवण त्याच दहा सेकंदांत येते.

मूळ ध्वनिमुद्रण शोधा, नव्या गायकाचं नको. मोठ्या स्पीकरवर बेस वाढवून लावलं की "हे ते गाणं न्हाई" असं उत्तर मिळतं, आणि ते चुकीचं नसतं. तीन-चार इंची स्पीकरमधून त्यांनी ऐकलेल्या गाण्यात तबल्याचा खालचा आवाज जवळपास नव्हताच. एकच लहान स्पीकर घ्या, इक्वलायझरमध्ये बेस खाली आणा, फोनच्या सेटिंगमध्ये मोनो करा. ऐकू कमी येत असेल तर आवाज नुसता वाढवू नका, स्पीकर जवळ आणा.

"हे कडवं नव्हतंच" असा वाद झाला तर पटकन मोबाइल दाखवून त्यांना खोटं पाडू नका. सिनेमातल्या गाण्यात पुष्कळदा एखादं कडवं जास्त असतं. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून रेकॉर्डवर ते कापलेलं असे, आणि रेडिओवर वाजायची ती रेकॉर्ड. आजीनं ऐकलं तेच ती सांगते आहे.

शब्द चुकीचे म्हटले तर दुरुस्त करू नका. म्हटले तसे लिहा, खाली मूळ शब्द वेगळे लिहा. हिंदी-उर्दू न येणाऱ्या मुलीनं तिला कळणारा मराठी शब्द बसवलेला असतो आणि त्या शब्दातून तिनं गाण्याचा एक वेगळाच अर्थ लावलेला असतो. देगलूर-बिलोलीकडं तो शब्द तेलुगू निघेल, उमरगा-निलंग्याकडं कानडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी. बोलणाऱ्याच्याच बोलीत टिपा.

एखाद्या गाण्यावर डोळे भरून येतात. गाणं थांबवा, पाणी द्या, काही बोलू नका. थोड्या वेळानं विचारा, "हे ठेवू का काढून टाकू?" काढ म्हणाले तर त्यांच्यासमोर काढा.

नोंद कशी लिहायची

तासाभराचं रेकॉर्डिंग पूर्ण उतरवायला चार ते सहा तास लागतात, आणि बहुतेकांचं काम तिथंच अडतं. सगळं उतरवू नका. गाणं आलं ती मिनिटं लिहा आणि तेवढाच भाग शब्दश: उतरवा. एका गाण्याला वहीचं एक पान. नमुना असा:

गाणं: मुखडा, म्हटला तसा. खाली मूळ.
कोण: आत्या, जन्म अंदाजे १९५२.
जागा: माजघर, रेडिओ ओसरीवर.
वेळ: सकाळी, ताक घुसळताना. पक्कं.
काळ: दुष्काळाच्या आधी, लग्नाच्या आधी. पक्कं.
स्टेशन: ठाऊक नाही, आवाज येत-जात नव्हता. अंदाज: मीडियम वेव्ह.
सोबत कोण: थोरली बहीण.
रेकॉर्डिंग: फाइल ०३, मिनिट १२ ते १६.

"पक्कं" आणि "अंदाज" हे दोन शब्द प्रत्येक ओळीला लावायची सवय करा. दहा वर्षांनी वही वाचणाऱ्याला यावरूनच कळतं की कशावर भरवसा ठेवायचा.

गाणं केव्हाचं ते शोधताना एक चूक सगळेच करतात: गाणं निघालं ते साल आठवणीचं साल म्हणून लिहितात. गीतरामायण पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं, पण त्यानंतर ते कैक वर्षं कैक केंद्रांवरून लागत राहिलं. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचीही ती लहानपणची आठवण असू शकते. निघाल्याचं साल फक्त एवढंच सांगतं की त्याच्या आधी ऐकलेलं असणार नाही. उलट, गाणं १९७५ चं आणि आठवण "दुष्काळाच्या आधी"ची निघाली, तर दोन आठवणी एकात मिसळल्या आहेत. तेव्हा पुन्हा बसा आणि पुन्हा जागेपासून सुरुवात करा: घर तेच होतं का दुसरं?

फाइलची नावं सुरुवातीलाच नीट द्या: माणूस, तारीख, क्रमांक. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी राहणाऱ्या भावाकडं. बाहेर कुठं टाकायचं असेल तर ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारा, आणि मागं वाजणारं मूळ गाणं कापून टाका. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, गीत-संगीताचा हक्क त्याहून वेगळा.

शेवटचं काम विसरू नका: सापडलेली गाणी त्या माणसाला परत द्या. पेनड्राइव्ह लागणारे साधे रेडिओ मिळतात. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून कमीचा, फॅट३२ फॉरमॅट केलेला, फाइली एमपी३, नावापुढं ०१, ०२ असे आकडे. सकाळी ऐकलेली गाणी आधी, रात्रीची शेवटी. ज्या बटणाची गरज नाही त्यावर चिकटपट्टी लावा आणि चालू करायच्या बटणावर लाल ठिपका काढा. रेडिओ ठेवायचा कुठं, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.